पोटाच्या डायलिसिसचं मशीन घरी येतंय? पहिल्या महिन्यासाठी एवढं वाचून ठेवा

डॉक्टरांनी सगळं समजावलेलं असतं, पण त्या दिवशी डोक्यात काही शिरत नाही. म्हणून आधी दोन ओळींत. आपल्या पोटाच्या आत आतड्यांभोवती पातळ अस्तर असतं, त्याला पेरिटोनियम म्हणतात. पोटात साखर मिसळलेलं निर्जंतुक पाणी सोडलं की रक्तातला कचरा आणि अंगात साठलेलं जास्तीचं पाणी या अस्तरातून त्यात उतरतं. काही तासांनी ते काढायचं आणि नवं भरायचं. यासाठी बेंबीच्या बाजूला जी मऊ नळी बसवतात तिला टेन्कॉफ कॅथेटर म्हणतात. हेन्री टेन्कॉफ या डॉक्टरांनी १९६८ साली तिला आजचं रूप दिलं. हाताने दिवसातून तीन-चारदा बॅग बदलली की ते सीएपीडी, आणि रात्री झोपेत मशीनने केलं की एपीडी. ते मशीन म्हणजे सायकलर.

आमच्या घरी हे डायलिसिस माझ्या नवऱ्याचं आहे आणि मांडामांड माझ्याकडे असते. नवीन कुटुंबांचे फोन येतात तेव्हा बहुतेकांना मशीनची भीती वाटत असते. माझं मत विचाराल तर मशीन गरीब आहे. भीती धरायचीच असेल तर नळी जोडण्याच्या आणि सोडण्याच्या त्या दोन-दोन मिनिटांची धरा. बाकी जवळजवळ सगळं निस्तरता येतं.

मशीन यायच्या आधी

कॅथेटर बसवल्यावर साधारण दोन आठवडे जखम भरू देतात आणि मग पोटात पाणी सोडायला सुरुवात होते. हा वेळ घर लावण्यात घालवा.

आधी जागेचा हिशोब. रात्रीला १० लिटर पाणी लागत असेल तर महिन्याला ३०० लिटर, म्हणजे तीनशे किलोच्या वर वजनाची खोकी दारात येणार. वन-बीएचकेत हा मोठाच प्रश्न आहे. लिफ्ट नसेल तर माल वरपर्यंत चढवून देणार का, हे ऑर्डर देतानाच विचारा. खोकी थेट फरशीवर ठेवू नका. पावसाळ्यात खालून ओल धरते आणि उंदीर पुठ्ठा कुरतडतात. लाकडी फळ्या किंवा प्लास्टिकचा पाट टाकून भिंतीपासून जरा सुटी रचा. नवा माल मागे आणि जुना पुढे ठेवा, आणि प्रत्येक खोक्यावर मुदतीची तारीख जाड स्केचपेनने लिहा. पेशंटने खोकी उचलायची नाहीत, कितीही बरं वाटत असलं तरी. पोटात पाणी असताना वजन उचललं तर हर्निया होतो किंवा नळीच्या बाजूने पाणी झिरपायला लागतं.

मशीनसाठी पलंगाच्या उंचीचं, न डगमगणारं टेबल हवं. प्लग भिंतीतल्या अर्थिंग असलेल्या थ्री-पिनमध्येच लावा. एक्स्टेंशन बोर्ड नको. पाणी गरम करायला मशीनच्या डोक्यावर तापणारी प्लेट असते, वीज मुख्यतः ती खाते. त्यामुळे घरातला इन्व्हर्टर तिला पेलेल का, हे कंपनीच्या माणसाला मॉडेल दाखवून विचारा, अंदाजाने लावू नका. वीज गेल्यावर मशीन चालू रात्रीची आठवण किती वेळ ठेवतं हेही त्याच वेळी विचारून मशीनवर चिकटवून ठेवा.

आपल्याकडे बॅक्स्टरचं होमचॉईस बऱ्याच घरांत दिसतं. बॅक्स्टरचा किडनी विभाग २०२५ पासून व्हँटिव्ह या नावाने वेगळा झाला आहे, तेव्हा कागदपत्रांवर किंवा मालावर ते नाव दिसलं तर गोंधळू नका. खालचं वर्णन होमचॉईससारख्या मशीनचं आहे. तुमचं वेगळं असेल तर बटणांची नावं बदलतील, शिस्त तीच राहील.

हाताने बॅग बदलणं आधी शिका

काही घरं थेट मशीनवर जातात आणि हाताची पद्धत एकदा बघून सोडून देतात. असं करू नका. मशीन बिघडणार, वीज जाणार, गावाला जावं लागणार. दोन लिटरची जोडबॅग (एक भरलेली, एक निचऱ्याची रिकामी), तिच्या चिमट्या, टोकाला लावायचं आयोडीनचं टोपण म्हणजे मिनीकॅप, हे सगळं पेशंटला आणि घरातल्या आणखी एकाला न बघता आलं पाहिजे. हाताच्या बॅगांचं एक खोकं घरात कायम राखून ठेवा.

रात्रीची मांडणी

१. खोलीचं दार-खिडक्या बंद, पंखा बंद, एसी बंद. मे महिन्यात जीव नकोसा होतो, पण जोडणी होईपर्यंतच. मांजर-कुत्रं खोलीबाहेर. केस आणि धूळ हे एक कारण झालं, शिवाय मांजराच्या नखाने नळीला न दिसणारं भोक पडतं.

२. टेबल पुसून घ्या. बॅगा तपासा: टक्केवारी, मुदत, पाणी स्वच्छ आहे ना, दाबल्यावर कुठे गळत नाही ना. बॅगा १.५, २.५ आणि ४.२५ टक्के साखरेच्या असतात. बॅक्स्टरच्या बॅगेला त्याच क्रमाने पिवळी, हिरवी आणि लाल कडी असते. दुसऱ्या कंपनीचे रंग निराळे असू शकतात, म्हणून रंगावर विसंबू नका, आकडा वाचा.

३. मास्क, पेशंटला आणि जोडणाऱ्याला दोघांना. मग हात. साबणाने पूर्ण एक मिनिट, बोटांच्या बेचक्या, अंगठा, नखांच्या कडा. मग स्वच्छ टिश्यूने कोरडे करायचे आणि त्याच टिश्यूने नळ बंद करायचा. अंगठी-घड्याळ काढून ठेवायचं. मी बांगड्यासुद्धा काढते. सासूबाईंना ते रुचत नाही, पण या बाबतीत डायलिसिसच्या नर्सबाईंचा शब्द शेवटचा. हात धुतल्यावर मोबाइल वाजला तर वाजू द्या. उचललात तर पुन्हा धुवा.

४. एक बॅग तापप्लेटवर नीट पसरून ठेवा, खालचा सेन्सर पूर्ण झाकला गेला पाहिजे. मशीन सुरू करून कॅसेट, म्हणजे सगळ्या नळ्या जिला जोडलेल्या असतात ती प्लास्टिकची चपटी डबी, दारात बसवा आणि नळ्यांच्या सगळ्या चिमट्या बंद करा. मशीन स्वतःची तपासणी करेल. मग पडद्यावर सांगेल तेव्हाच बॅगा जोडा. लाल चिमटीची नळी नेहमी प्लेटवरच्या बॅगेला.

५. आता मशीन नळ्यांत पाणी भरून हवा बाहेर काढतं. पेशंटकडे जाणारी नळी या वेळी मशीनच्या दारावरच्या खाचेतच अडकवलेली हवी. तिची उंची चुकली तर पाणी टोकापर्यंत नीट भरत नाही आणि हवा पोटात जाऊ शकते. हवा गेली की सकाळी खांदा दुखतो, आणि नवीन माणसाला वाटतं हार्टचं काही आहे. पाणी टोकापर्यंत आलेलं डोळ्यांनी बघा, मगच पुढे.

६. जोडणी. हात पुन्हा स्वच्छ करा. इथे बोलायचंही नाही. मिनीकॅप काढली की उघडं टोक कशालाही लागता कामा नये: बोट नको, कपडा नको, चादर नको. लागलं किंवा नुसतं लागल्यासारखं वाटलं तरी ट्रान्सफर सेटची, म्हणजे पोटाच्या नळीला पुढे जोडलेल्या छोट्या तुकड्याची, कळ बंद करा, नवी मिनीकॅप लावा, जोडू नका आणि सेंटरला फोन करा. बहुधा ते तुकडा बदलून अँटिबायोटिक देतात. "एवढ्याने काय होतंय" म्हणून दामटून जोडलेली नळी पुढे महाग पडते.

जोडलं की आधी पोटातलं दिवसाचं पाणी बाहेर येतं, मग भरणं, थांबणं, काढणं असे फेरे आठ ते दहा तास चालतात. आता पंखा लावा.

रात्री मशीन ओरडलं तर

पहिल्या आठवड्यात ओरडणारच. बहुतेक वेळा नळी अंगाखाली दबलेली असते, पिळ पडलेला असतो किंवा एखादी चिमटी उघडायची राहिलेली असते. लाल स्टॉप दाबून आवाज बंद करा, नळी मशीनपासून पोटापर्यंत हाताने चाचपत जा, पेशंटला कुशीवर वळवा किंवा उठवून बसवा, आणि हिरवं गो दाबा. बहुधा तेवढ्यानेच चालू होतं.

तरीही पाणी कमी निघतंय असं मशीन सांगत राहिलं तर निघण्याचा टप्पा उडवून पुढे ढकलू नका. झोपेच्या गुंगीत हे करावंसं वाटतं, पण निघालं नसताना मशीन पुन्हा भरतं आणि पोटात दुप्पट पाणी साठू शकतं. पोट ताठ झालं, धाप लागली, छातीवर दडपण आलं तर भरणं ताबडतोब थांबवा, पाणी काढून घ्या आणि फोन करा. रात्रीचा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात हवा. मोबाइलमध्ये सेव्ह केलेला नंबर पेशंटच्या हातात कुणी तरी द्यावा लागतो.

पाणी नीट न निघण्याचं सगळ्यात साधं कारण म्हणजे बद्धकोष्ठता. फुगलेलं आतडं नळीला दाबतं किंवा जागेवरून सरकवतं. त्यामुळे रोज पोट साफ होणं हा उपचाराचाच भाग समजा. त्यासाठी डॉक्टर औषध लिहून देतात. मेडिकलमधून परस्पर चूर्ण आणू नका, त्यातल्या काहींमधले क्षार किडनीच्या पेशंटला चालत नाहीत. दुसरं कारण म्हणजे फायब्रिन, पाण्यात तरंगणारे पांढरे धागे. ते दिसले तर कळवा. बॅगेत हेपॅरिन, म्हणजे गुठळी होऊ न देणारं औषध, घालून सुटतात. शेवटचे थेंब निघताना आत ओढल्यासारखं दुखत असेल तर तेही सांगा. थोडं पाणी पोटात ठेवूनच फेरा करण्याची सोय मशीनमध्ये असते, पण ती तुम्ही स्वतः बदलायची नाही.

सकाळची वही

शंभर पानी वही पुरते. रोज वजन, बीपी, कोणत्या टक्क्याच्या बॅगा, पहिल्यांदा किती निघालं आणि एकूण यूएफ, म्हणजे भरलं त्यापेक्षा किती जास्त बाहेर आलं. मशीन हे आकडे शेवटी पडद्यावर दाखवतं, बंद करण्याआधी उतरवून घ्या. वजन एकाच काट्यावर, एकाच वेळी, तेवढ्याच कपड्यांत. एका दिवसात किलोभर वाढलं तर ते अंगावरचं मांस नाही, लिटरभर पाणी आहे.

सूज दिसली की लाल बॅग लावायचा मोह होतो. लग्नात जेवून आलं की तर हमखास. अधिक साखरेची बॅग जास्त पाणी ओढते हे खरं, पण ती साखर रक्तातही जाते आणि वर्षानुवर्षं त्या अस्तरालाही सोसावी लागते. आधी मीठ आणि पाणी आवरा, मग डॉक्टरांना विचारून बॅग बदला. उलट चक्कर येत असेल, बीपी खाली असेल आणि वजन उतरत चाललं असेल तर पाणी जास्त निघतंय. तोही फोन करण्याचाच प्रसंग.

आयकोडेक्स्ट्रिन नावाचं पाणी कधी कधी दिवसभरासाठी देतात. मधुमेह्यांनी ते सुरू होताना एक गोष्ट विचारलीच पाहिजे: घरातलं ग्लुकोमीटर त्याच्याबरोबर चालतं का? काही जातीच्या पट्ट्या या पाण्यामुळे साखर खोटी जास्त दाखवतात. त्या आकड्यावर इन्सुलिन घेतलं तर साखर धोकादायक खाली जाते.

गढूळ पाणी

या लेखातलं एकच लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. निघालेलं पाणी फिकट पिवळं आणि आरपार दिसणारं असतं. बॅगेखाली वर्तमानपत्र धरलं तर बातमी वाचता आली पाहिजे. अक्षरं पुसट झाली, पाणी तांदळाच्या धुवणासारखं दिसलं, तर तो पेरिटोनायटिस, म्हणजे पोटातलं इन्फेक्शन, समजून चालायचं. सोबत पोटदुखी, ताप, उलटी असेल किंवा नसेलही.

अशा वेळी सकाळची ओपीडी उघडायची वाट बघू नका. सेंटरला फोन करा आणि ती गढूळ बॅग ओतून न टाकता घेऊन जा. तिच्यातल्या पाण्याची तपासणी होते. एका मायक्रोलिटरमध्ये शंभराहून जास्त पांढऱ्या पेशी आणि त्यातल्या निम्म्यांहून अधिक न्यूट्रोफिल जातीच्या असल्या तर निदान पक्कं होतं. नमुना घेतल्यावर अँटिबायोटिक बहुतेकदा बॅगेतूनच पोटात देतात, दोन ते तीन आठवडे. वेळेत गेलात तर सहसा नळी वाचते. घरात उरलेल्या गोळ्या खाऊन बघत बसलात तर नळी काढावी लागू शकते.

मशीनवाल्यांची यात एक अडचण आहे. निचऱ्याची नळी थेट बाथरूममध्ये सोडली तर पाणी कुणी बघतच नाही. म्हणून नवख्या माणसांनी पहिले काही महिने निचऱ्याची बॅग लावावी, किंवा निदान पहिल्या निचऱ्याच्या वेळी पारदर्शक नळीमागे छापील कागद धरून बघावं. पोट दुखत असेल तर हमखास. बायकांना पाळीच्या दिवसांत पाणी किंचित लालसर येऊ शकतं. त्याने घाबरू नका, पण पहिल्यांदा दिसेल तेव्हा कळवा.

नळीचं तोंड, अंघोळ, कपडे

जिथून नळी बाहेर येते ती जागा रोज बघा. लाली, दुखणं, खपली, पू यातलं काहीही दिसलं तर फोटो काढून पाठवा. स्वच्छ करून, कोरडं करून, सांगितलं असेल ते मलम, बहुधा म्युपिरोसिन किंवा जेंटामायसिन, लावायचं. नळी चिकटपट्टीने अंगाला टेकवून ठेवा म्हणजे ओढली जाणार नाही. पायजम्याची नाडी, परकराची गाठ, पॅन्टचा पट्टा त्या जागेवर येऊ देऊ नका; शक्य असेल तर ऑपरेशनच्या आधीच सर्जनला नेहमीचा कपडा नेसून दाखवा आणि खूण करून घ्या. अंघोळ वाहत्या पाण्याने, जखम भरल्यावर आणि नर्सने हो म्हटल्यावर. टब, विहीर, नदी, तलाव वर्ज्य. गणपती विसर्जनाला काठावर उभं राहा. बाहेर लोंबणारा छोटा तुकडा, ट्रान्सफर सेट, साधारण दर सहा महिन्यांनी हॉस्पिटलमध्ये बदलतात. पुढची तारीख वहीच्या कव्हरवर लिहून ठेवा.

खाणं

इथे जुन्या सवयी उलट्या पडतात. डायलिसिसच्या आधी डाळ-अंडी कमी करायला सांगितलेलं असतं, आणि आता तीच वाढवायला सांगतात, कारण निघणाऱ्या पाण्याबरोबर दिवसाला पाच ते दहा ग्रॅम प्रथिनं वाहून जातात. साधारणपणे वजनाच्या दर किलोला एक ते सव्वा ग्रॅम लागतं. पोट भरल्यासारखं वाटतं म्हणून भूक लागत नाही. थोडं थोडं, चार-पाच वेळा खा. पोटॅशियमचं बंधन रक्ताच्या डायलिसिसपेक्षा पुष्कळदा सैल असतं, काहींचं तर कमीही पडतं. त्यामुळे शेजारच्या पेशंटचा आहारतक्ता आणू नका, आपला रिपोर्ट बघा.

मीठ मात्र सैल नाही. लोणचं, पापड, फरसाण, सुकट मोजूनमापून. सैंधव हे मीठच आहे. "लो सोडियम" मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं, ते विचारल्याशिवाय नकोच. जेवणातला फॉस्फरस अडवायच्या गोळ्या जेवताना घासाबरोबर घ्यायच्या, तासाभराने घेतल्या तर उपयोग नाही. आणि अजून लघवी होत असेल तर ती जपा. अंगदुखीवर परस्पर घेतलेल्या पेनकिलर उरलीसुरली किडनी संपवतात.

पैसे, कागद, प्रवास

राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ साली जाहीर झाला आणि पोटाच्या डायलिसिसबद्दलच्या मार्गदर्शक सूचना २०१९ मध्ये आल्या. तुमच्या जिल्हा रुग्णालयात प्रत्यक्षात काय मिळतं ते जाऊनच विचारा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भेटा. जुन्या करप्रणालीत रिटर्न भरत असाल तर १९६१च्या आयकर कायद्यातलं कलम ८०डीडीबी किडनी निकामी होण्याच्या उपचारालाही लागू होतं: ४०,००० रुपयांपर्यंत, पेशंट ज्येष्ठ नागरिक असेल तर १ लाखापर्यंत. बिलं जपा आणि सीएला दाखवा. ट्रान्सप्लांटचा विचार असेल तर झेडटीसीसीच्या, म्हणजे अवयवदानाचं काम बघणाऱ्या विभागीय केंद्राच्या, यादीत नाव मान्यताप्राप्त हॉस्पिटलमार्फतच लागतं, आणि रांग मोठी असते. मशीन नीट चाललंय म्हणून ते काम मागे टाकू नका.

गावाला जाताना हाताच्या बॅगा हा सोपा मार्ग. जितके दिवस तितक्या बॅगा, वर दोन दिवसांच्या जास्त, मिनीकॅप, मास्क, सॅनिटायझर, चिमट्या आणि बॅग टांगायला एस आकाराचा हूक. बॅग कोमट करायला गरम पाण्यात बुडवू नका, तोंडाशी ओल राहिली की जंतू आलेच. हीटिंग पॅड किंवा कोरडी ऊब वापरा. बॅगेवरची चिठ्ठी, मशीनचं प्रिस्क्रिप्शन आणि सेंटरचा नंबर यांचा फोटो दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. वाटेत दुसऱ्या दवाखान्यात भरती व्हावं लागलं तर तिथल्यांना पहिल्यांदा सांगा की पोटाची नळी डायलिसिसची आहे: तिच्यातून सलाइन नाही, इंजेक्शन नाही, आणि आमच्या सेंटरशी बोलल्याशिवाय टोपण उघडायचं नाही.